विंडोज 10 ची मुदत संपली. घरच्या लॅपटॉपवर लिनक्स चालेल काय?

तेरणाकाठ (औसा)

नमस्कार.

मी औसा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. घरी 2016 साली घेतलेला लॅपटॉप असून त्यात सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि 500 जीबीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची मुदत संपली. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे माझा लॅपटॉप त्या पंगतीला बसत नाही. बाजारात विचारले असता एका दुकानदाराने नवा लॅपटॉप दाखवला, तर दुसऱ्याने थोड्या पैशांत विंडोज 11 'कसेही करून मारून' देण्याची तयारी दाखवली. पहिले उत्तर खिशाला पटले नाही आणि दुसरे मनाला.

पुण्यात अभियांत्रिकीला असलेला भाचा लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, टाका म्हणतो. लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा टंकायच्या, अशी माझी समजूत आहे आणि तो ती हसण्यावारी नेतो. परंतु भाचा पुण्यात आहे आणि लॅपटॉप औशात, ही माझी खरी अडचण आहे.

माझे काम सांगतो, म्हणजे उत्तर देणे सोपे जाईल. वर्षातून दोनदा निकालपत्रके तयार करणे, शिक्षकांच्या गटावर दरवर्षी फिरणारी आयकराची एक्सेल फाइल भरणे, शाळेचा पत्रव्यवहार मराठीतून टंकणे, यूडायस (शाळेची माहिती) आणि शालार्थ (पगार) या सरकारी संकेतस्थळांवरची माहिती ब्राउझरमधून भरणे आणि एका लेझर प्रिंटरवर ते सारे छापणे, एवढाच माझा संगणकाशी संबंध आहे. मुलगी शासकीय टंकलेखन परीक्षेचा सराव याच लॅपटॉपवर करते. असा बदल ज्यांनी स्वतः केला आहे त्यांनी कृपया लिहावे. करून परत फिरले असतील, त्यांनी तर अवश्य लिहावे.

बालाघाट (अंबाजोगाई)

गुरुजी, मी अंबाजोगाईत संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो आणि ग्राहकाने मागितल्यास लिनक्सही बसवून देतो. आधी मुदतीविषयी लिहितो, कारण त्यावरून दुकानात रोज गैरसमज ऐकू येतात. मुदत संपली म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही. त्यातील सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारे अपडेट येणे थांबते. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जादा मुदतीची योजना ठेवली आहे. विंडोज 10 ची 22एच2 ही आवृत्ती असेल, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन केले असेल आणि सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला असेल, तर ती फुकट मिळते. मात्र विंडोज अधिकृत असायला हवी. आपल्या भागातील किती लॅपटॉपांवर ती अधिकृत आहे, हे मी माझ्या धंद्याला स्मरून येथे लिहीत नाही.

अपडेट नसल्याने काय बिघडते असे विचारणाऱ्यांना मी 2017 चा मे महिना आठवून देतो. वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तेव्हा जगभर पसरला, आणि तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये देऊन ठेवले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. चोरीच्या विंडोजमध्ये तर बसवणारा स्वतःच अपडेट बंद करून देतो, कारण अपडेट आले की त्याची चोरी उघडी पडेल अशी त्याला भीती असते.

आता लिनक्स. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 साली हेलसिंकीत शिकत असताना लिहायला घेतलेल्या गाभ्याचे ते नाव आहे. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तोच गाभा असतो, त्यामुळे आपण लिनक्स कधी वापरले नाही हे विधान तसे खरे नाही. त्या गाभ्याभोवती खिडक्या, मेन्यू, ऑफिस, ब्राउझर असा संसार मांडून वेगवेगळे गट वेगवेगळी 'डिस्ट्रो' देतात. आपल्यासारख्याने लिनक्स मिंट घ्यावे, असे माझे मत आहे. तिचा मेन्यू डाव्या कोपऱ्यात खाली असतो आणि फाइली फोल्डरमध्येच असतात. विंडोज 7 वर हात बसलेल्या माणसाला तेथे परके वाटत नाही. मिंट 22 ही आवृत्ती उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोच्या 24.04 या आवृत्तीवर उभी असून तिला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. 4 जीबी रॅम असेल तर तिची एक्सएफसीई ही हलकी बांधणी बरी. मात्र आपल्या लॅपटॉपचा खरा आजार हार्ड डिस्क आहे. ती काढून 256 जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, बसवली, तर कोणतीही प्रणाली टाकली तरी लॅपटॉप पळू लागेल, आणि त्याचे श्रेय मग लोक लिनक्सला देतात.

परत फिरलेल्यांचे आपण विचारले, म्हणून दोन माणसांविषयी लिहितो. तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे व्हायरसने भरलेला संगणक घेऊन दर दोन महिन्यांनी यायचे. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर 'शॉर्टकट' व्हायरस घरी यायचा, सर्व फोल्डर लपवले जायचे आणि त्यांच्या जागी बाणाची चिन्हे दिसायची. तो व्हायरस विंडोजच्या स्क्रिप्टवर चालतो. लिनक्समध्ये ती फाइल नुसती पडून राहते. काकांना मिंट टाकून दिल्यापासून ते दुकानात फक्त चहाला येतात, हे माझ्या उत्पन्नाच्या दृष्टीने वाईट झाले. दुसरे माझे एक पाहुणे, केज तालुक्यातले. त्यांचे काम काकांच्या कामापेक्षाही कमी होते, तरी ते तीन महिन्यांत विंडोजवर परतले. बिघाड कोणताच नव्हता. एके दिवशी आवाज येईनासा झाला, म्हणजे आवाज टीव्ही जोडण्याच्या एचडीएमआय जोडणीवर वळला होता इतकेच. त्यांनी गावातील दोघातिघांना बोलावले, आलेल्या प्रत्येकाने पडदा पाहून 'हे आपल्याला येत नाही' म्हणत हात वर केले आणि शेवटच्याने विंडोज टाकून दिली. तोच बिघाड विंडोजमध्ये झाला असता, तर शेजारच्या नववीतल्या पोराने दोन मिनिटांत काढला असता.

त्या दिवसापासून माझे असे मत झाले आहे की माणसे गल्लीतल्या माहितगाराला धरून असतात, आणि त्या माहितगाराला विंडोज येते म्हणून विंडोज वापरतात. एमएस-सीआयटी 2001 पासून गावोगावी पोहोचली आणि तिने एका पिढीला संगणक शिकवला, हे तिचे ऋण मान्यच आहे. पण त्या पिढीसाठी संगणक म्हणजे विंडोज आणि लिहिणे म्हणजे वर्ड असे समीकरणही तिथेच पक्के झाले.

हिशेबपट्टी (परभणी)

मी मोंढ्यातील दोन आडतींचे हिशेब पाहतो. टॅली ही हिशेबाची प्रणाली विंडोजवर चालते, लिनक्ससाठी तिची आवृत्ती नाही. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन नावाच्या सोयीतून ती चालवणारे लोक आहेत, हे मला माहीत आहे. परंतु सोयाबीनची आवक भरात असताना शंभर पट्ट्या निघायच्या असतात, आणि अशा वेळी 'चालवून पाहू' या भाषेला मोंढ्यात जागा नसते. माझ्यासारख्याने वळू नये.

गुरुजींनीही जादा मुदतीचे वर्ष पदरात पाडून घ्यावे आणि तेवढ्यात कंपन्यांतून बाहेर पडणारा आठव्या पिढीचा जुना लॅपटॉप पाहावा. नवे शिकण्यात जो वेळ जातो, त्याचीही किंमत धरायला हवी.

कयाधू (हिंगोली)

मी सेवा केंद्र चालवते. माझ्या टेबलावर दोन संगणक आहेत आणि या धाग्याचे उत्तर त्या दोघांच्या मधोमध कुठेतरी आहे.

पहिल्या संगणकाला अंगठ्याचे मशीन जोडलेले आहे. आधारच्या पडताळणीसाठी अंगठा घेताना मशीन आणि संकेतस्थळ यांच्यामध्ये 'आरडी सर्व्हिस' नावाचा नोंदणीकृत प्रोग्राम चालावा लागतो. तो बोटाचा ठसा मशीनमध्येच कूटबद्ध करून पुढे पाठवतो. माझ्या मशीनसाठी तो मला विंडोज आणि अँड्रॉइडवरच मिळाला. तो संगणक त्यामुळे विंडोजवरून हलत नाही, आणि मी हलवण्याचा प्रयत्नही सोडून दिला आहे.

दुसऱ्या संगणकावर गेल्या वर्षापासून उबुंटू आहे. पीक विम्याचे अर्ज, सातबारा काढणे, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षांची प्रवेशपत्रे, रेल्वेची तिकिटे ही सारी कामे ब्राउझरमधील आहेत, आणि क्रोम किंवा फायरफॉक्स दोन्हीकडे सारखेच आहेत. पूर्वी काही सरकारी संकेतस्थळे इंटरनेट एक्सप्लोररवाचून उघडत नसत. जून 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच तो निवृत्त केला आणि ती अडचण आपोआप निवळली. विम्याची अंतिम तारीख जवळ आली की केंद्रात बसायला जागा उरत नाही. अशा गर्दीत पहिल्या संगणकाने 'अपडेट होत आहे, संगणक बंद करू नका' असे म्हणत रांग अडवली आहे. दुसऱ्याने अजून अडवलेली नाही, कारण तो अपडेट कधी घ्यायचे ते मला विचारतो.

विजेविषयी मात्र लिहिलेच पाहिजे, कारण लिनक्सची स्तुती करणारे ते लिहीत नाहीत. अपडेट चालू असताना एकदा वीज गेली, इन्व्हर्टरही बसला आणि नंतर कोणताही प्रोग्राम बसेना. अर्धवट राहिलेली बसवणी पूर्ण करण्याची एक ओळ टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या काळ्या खिडकीत, टंकावी लागली, ती मला फोनवर शोधून सापडली आणि काम झाले. पण ती ओळ टंकताना माझे हात कापत होते. गुरुजींची काळ्या पडद्याची भीती अगदीच निराधार आहे असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

गोदाकाठ (नांदेड)

मी पंधरा वर्षे डीटीपी करतो. लग्नपत्रिका, फ्लेक्स, शाळांची स्मरणिका, दैनिकांच्या जाहिराती. माझ्याकडे श्रीलिपी हे मराठी टंकांचे (फॉन्टचे) सॉफ्टवेअर आणि कोरलड्रॉ हा चित्रमांडणीचा प्रोग्राम यांत बनवलेल्या हजारो फाइली आहेत, आणि त्या मला जागचे हलू देत नाहीत.

यातील मराठीचा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. जुन्या टंकांमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी वळणे काढून बसवलेली असतात. ज्या संगणकावर तो टंक नाही, तेथे 'शुभविवाह' च्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. हा दोष लिनक्सचा नव्हे, आणि विंडोजचाही नव्हे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, लिहिलेला मजकूर दोन्हीकडे सारखा दिसतो. ज्याने पहिल्यापासून युनिकोडमध्ये लिहिले, तो उद्या सकाळी प्रणाली बदलू शकतो. ज्याची पंधरा वर्षे जुन्या टंकांत अडकली आहेत, त्याला आधी ती पंधरा वर्षे सोडवावी लागतील.

इंकस्केप (चित्रांसाठी) आणि स्क्रायबस (पानांच्या मांडणीसाठी) हे लिनक्सवर चालणारे प्रोग्राम मी वापरून पाहिले आहेत. इंकस्केपमध्ये युनिकोड मराठी चांगली उमटते, अर्धा र आणि जोडाक्षरेही नीट येतात. परंतु छापखाना माझ्याकडे कोरलची फाइल मागतो, इंकस्केपची मागत नाही. वाचकांना कदाचित गंमत वाटेल, की कोरल कंपनीने एकेकाळी स्वतःचे लिनक्स काढले होते आणि 2000 साली कोरलड्रॉची लिनक्स आवृत्तीही दिली होती. ती टिकली असती, तर आज मी येथे वेगळा प्रतिसाद लिहीत असतो.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

एका महाविद्यालयातील संगणक कक्ष माझ्याकडे आहे. बालाघाट यांनी गल्लीतल्या माहितगाराविषयी जे लिहिले, त्याला दोन मोठी उदाहरणे जोडावीशी वाटतात, कारण ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेने गेलेली आहेत.

जर्मनीतील म्युनिक शहराच्या पालिकेने 2003 साली लिनक्सकडे जाण्याचे ठरवले, दहा वर्षांत सुमारे 15,000 संगणक बदलले आणि 2017 साली पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. यामागे राजकारणही होते आणि बाहेरच्या कार्यालयांशी फाइलींची देवाणघेवाण करताना होणारी कुरकुरही होती. दुसरे उदाहरण घरातले आहे. केरळातील शासकीय शाळांत संगणकाचे शिक्षण अनेक वर्षांपासून मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या, सॉफ्टवेअरवर चालते. तेथील काइट ही शासकीय संस्था उबुंटूवर आधारित स्वतःची आवृत्ती शाळांना देते, पाठ्यपुस्तके तिच्यावर बेतलेली असतात आणि शिक्षकांना तिचे प्रशिक्षण दिले जाते. म्हणजे तेथे गुरुजींना पुण्याच्या भाच्याची वाट पाहावी लागत नाही. शेजारच्या शाळेतील शिक्षकालाही तेच येत असते. आपल्या देशाचे स्वतःचे बॉस लिनक्सही आहे, सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियन या डिस्ट्रोवर बांधलेले. पण आपल्या शाळांत ते मी फार क्वचित पाहिले.

आता गुरुजींच्या कामाकडे येतो. निकालपत्रके लिबरऑफिस या फुकट ऑफिस-संचातील कॅल्कमध्ये (एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये) होतील. बेरजा, टक्केवारी, श्रेणी यांची सूत्रे तीच आहेत. आयकराच्या फाइलीचे मात्र सांगता येत नाही. ती जर नुसत्या सूत्रांची असेल तर उघडेल, पण अशा फाइलींमध्ये कोणा उत्साही शिक्षकबंधूने मॅक्रो, म्हणजे फाइलीतच चालणाऱ्या आज्ञा, लिहून बटणे बसवलेली असतात, आणि एक्सेलचे मॅक्रो कॅल्कमध्ये सगळे चालतातच असे नाही. पत्रांच्या बाबतीत वर्डची फाइल दुसऱ्या टोकाला उघडल्यावर ओळी सरकण्याची तक्रार नेहमी येते. तिचे मूळ बहुधा टंकांत असते. मंगल हा मायक्रोसॉफ्टचा टंक लिनक्ससोबत येत नाही, त्याच्या जागी लोहित किंवा नोटो येतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि दोन पानांचे पत्र तिसऱ्या पानावर एक ओळ सांडते. पत्र पीडीएफ करून पाठवले की हा प्रश्न उरत नाही. विशेष म्हणजे ज्या टंकात मराठी वळणाचे ल आणि श दिलेले असतात, त्यात लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्यावर ते आपोआप उमटतात. हिंदी वळणाचा ल पाहून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांना हे सुख वाटेल.

मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट ही कळफलकाची प्रमाण मांडणी प्रणालीसोबतच येते. ध्वनीनुसार टंकणाऱ्यांना आयबस आणि एम17एन या संचांतून इतर मांडण्या घेता येतात, त्यात गमभन या मराठी टंकनाच्या प्रोग्रामच्या वळणाची मांडणीही आहे. मुलीच्या परीक्षेचा विषय वेगळा आहे. त्या परीक्षेत वेग मोजला जातो, मांडणी ठरलेली असते आणि सरावाचा प्रोग्राम विंडोजचा असतो. तेव्हा परीक्षा होईपर्यंत तिच्या बोटांखालची कळ बदलू नये.

तेरणाकाठ (औसा)

सर्वांचे आभार. आठवडाभर जे करून पाहिले, त्याचा वृत्तान्त देतो.

बालाघाट यांनी सुचवलेले मिंट काहीही न बसवता पेनड्राइव्हवरून चालवून पाहिले. वायफाय पहिल्याच फटक्यात लागले, याचे आश्चर्य वाटले. यूडायसचे संकेतस्थळ उघडले, माहिती भरली, पीडीएफ उतरवली. निकालपत्रकाची जुनी फाइल कॅल्कमध्ये उघडली आणि तिसरीच्या वर्गाची टक्केवारी बिनचूक आली. आयकराच्या फाइलीत खामकाठ यांनी म्हटल्याप्रमाणे बटणे होती आणि ती दाबून काही होईना. ती फाइल मात्र मी शाळेतल्या संगणकावरही भरू शकतो, कारण ते काम फेब्रुवारीत एकदाच असते.

प्रिंटरने दगा दिला. तो आहे एका नामांकित कंपनीचा, दहा वर्षांपूर्वी सर्वांच्या घरी दिसणारा लेझर. पेनड्राइव्हवरील मिंटने त्याचे नाव ओळखले, यादीत दाखवले, छापण्याचा आदेशही स्वीकारला. कागद मात्र हलला नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट घडली. मिंट बंद करून पुन्हा विंडोज चालू केली, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले असताना लॅपटॉपवर पाच वाजले होते. शाळेत जाण्याच्या घाईत क्षणभर मला बरे वाटले, पण हे असे का झाले?

वेग मात्र फारसा वाढल्याचे दिसले नाही.

बालाघाट (अंबाजोगाई)

घड्याळाची गोष्ट साधी आहे. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर सेलवर चालणारे एक घड्याळ असते. विंडोज त्यात स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स जागतिक वेळ ठेवते. लिनक्सने इंटरनेटवरून वेळ घेऊन जागतिक वेळ तेथे लिहिली, विंडोजने ती स्थानिक समजून वाचली, आणि भारतीय वेळेचा साडेपाच तासांचा फरक आपल्या पडद्यावर उतरला. दोन्ही प्रणाली एकत्र ठेवायच्या असतील तर लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला एका आज्ञेत सांगता येते.

वेगावरून निर्णय करू नये. पेनड्राइव्ह हार्ड डिस्कपेक्षाही संथ असतो, आणि त्यावरून चालणारी प्रणाली पाहून लिनक्सचा वेग ठरवणे म्हणजे उतारावर ढकललेल्या गाडीवरून तिचा ॲव्हरेज काढण्यासारखे आहे.

प्रिंटरचे दुखणे जुने आहे. काही लेझर प्रिंटर पान रचण्याचे काम स्वतः न करता संगणकावर सोपवतात. ते स्वस्त असतात, पण कंपनीचा ठराविक ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) नसेल तर मुके होतात. तो ड्रायव्हर कधी मिळतो, कधी जुन्या आवृत्तीवर अडकतो, कधी चालता चालता थांबतो. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांसाठी कंपनीनेच एचपीलिप नावाचा संच दिलेला आहे, आणि नव्या शाई-टाकीच्या प्रिंटरांपैकी पुष्कळ जण सरळ लागतात. म्हणून ग्राहक लिनक्सविषयी विचारायला आला की मी आधी प्रिंटरचे मॉडेल विचारतो, लॅपटॉपचे नंतर.

हिशेबपट्टी (परभणी)

म्हणजे टक्केवारी लागली, पण छापून निघाली नाही. मी हेच म्हणत होतो.

कयाधू (हिंगोली)

हिशेबपट्टी यांचे म्हणणे त्यांच्या धंद्यापुरते बरोबर आहे. गुरुजींच्या घराला ते लागू होत नाही. आडतीत एका संगणकावर एकच काम दिवसभर चालते, म्हणून ते काम अडले की सारे अडते. घरातील संगणकावर दहा किरकोळ कामे असतात. त्यांतले नववे अडले तर फोनवरून किंवा शाळेतून करता येते. माझ्या केंद्रात मी कामेच दोन संगणकांत वाटून टाकली. घरी एकच लॅपटॉप असेल तर त्यावर दोन प्रणाली ठेवता येतात.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

दोन प्रणाली ठेवताना जपावे लागते, म्हणून सांगतो. महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर काढावी, आणि ती उघडते की नाही हे दुसऱ्या संगणकावर पाहूनच पुढे जावे. या कामात बुडालेले फोटो मी पाहिले आहेत. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद करावा, कारण तो चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि त्या अवस्थेत लिनक्स तिच्या विभागात लिहू शकत नाही. नव्या लॅपटॉपांवर डिस्क कुलूपबंद ठेवणारा बिटलॉकर बहुधा आपोआप चालू असतो; त्याची पुनर्प्राप्तीची किल्ली लिहून ठेवल्याशिवाय डिस्कच्या विभागांना हात लावू नये. गुरुजींच्या जुन्या लॅपटॉपवर तो बहुधा नसेल, पण हा धागा वाचून कोणी नव्या लॅपटॉपवर प्रयोग करील, त्याच्यासाठी हे लिहिले.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय असते. ती प्रणालीची प्रत काढून ठेवते आणि काही बिघडल्यास कालच्या स्थितीवर नेऊन सोडते. कयाधू यांच्यासारखा प्रसंग ओढवला, तर मेन्यूतूनच मागे जाता येते.

गोदाकाठ (नांदेड)

एक शंका विचारतो. लिनक्स फुकट आहे, असे आपण ग्राहकाला सांगतो. पण आपल्याकडे विंडोजही लोकांना फुकटच वाटते, कारण दुकानदार ती टाकून देतो. मग ग्राहकाने फुकटातली ओळखीची वस्तू सोडून फुकटातली अनोळखी का घ्यावी?

बालाघाट (अंबाजोगाई)

हा प्रश्न मला माझ्या काउंटरवर रोज भेटतो आणि त्याला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. विंडोज टाकून देण्याचे दुकानदार जे घेतात ते मजुरीचे घेतात, परवान्याचे घेत नाहीत. ग्राहकाला वाटते परवान्याचेच दिले. ती चालू करण्यासाठी जे 'ॲक्टिव्हेटर' वापरतात ते अँटिव्हायरस बंद करूनच चालवावे लागतात, आणि त्यांतून आत काय शिरते हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. गेल्या वर्षापासून मी ते काम बंद केले. काही ग्राहक गेले. समोरच्या दुकानात ते होते, आणि माझे काही ग्राहक तेथून येऊन मला चहाच्या वेळी सांगतात की तिकडे झाले. लिनक्सचा उपयोग मला येथे होतो: 'तसली विंडोज मी टाकत नाही' असे म्हणताना दुसऱ्या हाताने काहीतरी पुढे करता येते. तेवढ्यावर सगळे ग्राहक थांबत नाहीत.

तेरणाकाठ (औसा)

निर्णय असा झाला आहे. मुलीची परीक्षा होईपर्यंत विंडोज ठेवायची आणि जादा मुदतीच्या योजनेत नाव नोंदवायचे. लॅपटॉपसोबत आलेली विंडोज अधिकृत आहे, हे मी तपासले. एसएसडी बसवून घ्यायची आणि तिच्यावर दोन्ही प्रणाली ठेवायच्या. शाळेचे माझे काम मी मिंटमध्ये करीन, मुलगी सराव विंडोजमध्ये करील.

शाळेत कपाटात दोन जुने संगणक पडून आहेत, एकाची रॅम 2 जीबी आहे. ते मुलांसाठी चालू करता येतील काय, असे मुख्याध्यापकांनी विचारले आहे. मुलांना चित्रे काढणे आणि मराठी टंकणे एवढेच शिकवायचे आहे.

बालाघाट (अंबाजोगाई)

2 जीबीच्या संगणकावर एक्सएफसीई रडतखडत चालेल, पण ब्राउझर उघडू नये. चित्रे काढण्यासाठी टक्सपेंट आहे आणि ते लहान मुलांना फार आवडते. आधी प्रोसेसर 64 बिटचा आहे का ते पाहावे लागेल, कारण 32 बिटसाठी आता पर्याय फार थोडे उरले आहेत. दुसऱ्या संगणकातली रॅम काढून याच्यात बसत असेल तर एक तरी संगणक धड होईल.

आपण रविवारी या, गुरुजी. लॅपटॉप, दोन्ही संगणकांच्या पेट्या आणि तो प्रिंटर घेऊन या. प्रिंटरची यूएसबी केबल विसरू नका, मागच्या वेळी एकजण औशाहूनच आले होते आणि केबल घरी राहिली होती. मुलीलाही आणलेत तर बरे होईल. विभाग करताना ती शेजारी बसली, तर पुढच्या वेळी आवाज गेल्यावर आपल्याला अंबाजोगाई गाठावी लागणार नाही.

तेरणाकाठ (औसा)

येतो. ती म्हणते की प्रिंटर चालू झाल्याशिवाय ती उठणार नाही.